धडधाकट माणसाचा नियम

गावात गुंडा शेवाळे यांना तोंडावर हवालदार म्हणतात आणि पाठीमागे बूस्टर. कडेगाव तालुक्यातलं हे गाव उसाचं आणि फौजेचं आहे. इथे एका घरात पेन्शनवरचा बाप, सरहद्दीवरचा मुलगा आणि भरतीसाठी डांबरीवर पळणारा पुतण्या एकाच वेळी असतात. नुसत्या हवालदारकीचं अशा गावात कोणाला कौतुक नसतं. टोपणनाव मिळवायला वेगळं काही करावं लागतं. शेवाळे यांनी ते २०१९ साली केलं.

त्या उन्हाळ्यात बाहेरगावचं एक खासगी आरोग्य शिबिर गावात आलं. ‘कावीळ ब’च्या लशीचा असर पाच वर्षांत संपतो, बूस्टर घ्या, नाही तर लिव्हर जाईल, असं व्हॅनवरचा भोंगा ओरडत होता. ही कावीळ पाण्यातून होत नाही, रक्तातून होते, हेसुद्धा अनेकांना ठाऊक नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात निम्म्या गावाने तिन्ही डोस घेतले होते, त्यामुळे भीती पटकन पसरली. मारुतीच्या देवळासमोर रांग लागली.

शेवाळे त्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले.

“कशाला दंड उघडं टाकताय? तीन डोस झालं की झालं. मला कांगोच्या टायमाला दिल्यात. चौदा वर्सं झाली, काय झालं मला?”

“तुमचं मिलट्रीचं औषद असंल तगडं,” रांगेतला मल्हार म्हणाला. तो जीप चालवतो.

“औषद तेच रं. मिलट्री काय येगळी कावीळ पाळती व्हय?”

रांग हसली आणि विस्कटली. शिबिरवाले चिडले. कोणी तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉ. धवल गोडबोले यांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी देवळाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं की हवालदारांचं बरोबर आहे. निरोगी माणसाचे तीन डोस पूर्ण झाले असतील तर त्याला बूस्टर लागत नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा वर्षांमागून खाली येतो, पण शरीराला त्या विषाणूची ओळख राहते. विषाणू आलाच तर शरीर पुन्हा फौज उभी करतं. तीस वर्षांपर्यंत हे टिकतं असं अभ्यासांतून दिसलंय, कदाचित पुढेही टिकत असेल.

फौज हा शब्द गावाला आवडला. टाळ्या पडल्या. शिबिराची व्हॅन भोंगा बंद करून निघून गेली आणि तिथेच सत्काराची तयारी सुरू झाली. या भागात कशाचाही सत्कार होतो आणि तो लगेच होतो. कोणी फेटा आणला, कोणी नारळ आणला. शेवाळे यांना ओढून पुढे नेलं गेलं. डॉक्टर मागे आणखी एक वाक्य बोलत होते. ज्यांची किडनी गेलेली असते, जे डायलिसिसवर असतात, त्यांना हा नियम लागू नाही, त्यांचा आकडा दरवर्षी तपासावा लागतो, असं ते वाक्य होतं. तोवर लोक उठले होते आणि हवालदारांच्या डोक्याभोवती फेट्याचे पदर फिरत होते.

नियमाचा पहिला अर्धा भाग त्यांच्याकडे आधीपासून होता. २००५ साली शांतिसेनेच्या तुकडीबरोबर कांगोला जाताना दोन डोस इथे आणि तिसरा तिथल्या छावणीत त्यांना मिळाला. टोचणाऱ्या मेजर डॉक्टरांनी सांगितलं होतं, “तीसरा हो गया, अब ज़िंदगीभर की छुट्टी.” वरिष्ठाने सांगितलेली गोष्ट शेवाळे दुसऱ्यांदा विचारत नसत. आता सरकारी डॉक्टरांनी देवळाच्या पायरीवरून त्याच गोष्टीवर शिक्कामोर्तब केलं होतं.

रक्तदाबाच्या गोळ्यांबाबत मात्र ते अशी शिस्त पाळत नव्हते. डोकं दुखलं की गोळी घ्यायची, एरवी नाही. चोवीस वर्षांची नोकरी करून आलेल्या माणसाने रोज गोळी खाणं त्यांना अपमानास्पद वाटायचं. २०२२च्या दिवाळीनंतर पाय सुजले, धाप लागू लागली. तपासणीत दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी निघाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं.

तालुक्याच्या ठिकाणी नुकतंच एक खासगी केंद्र निघालं होतं, त्यामुळे सांगलीची फेरी वाचली. आसपासच्या गावांतल्या रुग्णांनी मिळून मल्हारची जीप ठरवली. पहिल्या दिवशी केंद्रातल्या तंत्रज्ञाने विचारलं, “‘कावीळ ब’ची लस?”

“झाल्या. तिन्ही. फौजेत.”

“मग झालं,” तो म्हणाला आणि सुया लावायला लागला.

इथे आकडा तपासायला हवा होता. तपासला गेला नाही. डायलिसिसमध्ये माणसाचं सगळं रक्त पुन्हा पुन्हा शरीराबाहेर जाऊन परत येतं. एकाच खोलीत, त्याच हातांनी, एकामागून एक माणसाचं. ‘कावीळ ब’चा विषाणू वाळलेल्या थेंबातही काही दिवस जिवंत राहतो. त्याच वेळी किडनी गेलेल्या शरीराची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते. म्हणून जगभर डायलिसिसच्या रुग्णांना या लशीचा दुप्पट डोस देतात, वर्षातून एकदा आकडा बघतात आणि तो दहाच्या खाली गेला की पुन्हा टोचतात. केंद्राच्या भिंतीवर हे लिहिलेलं नव्हतं. भिंतीवर महाबळेश्वरच्या धबधब्याचं कॅलेंडर होतं.

किडनी कोण देणार, हा प्रश्न घरात आला तेव्हा पर्याय फार नव्हते. पत्नी आक्काताईंना मधुमेह. मुलगा पृथ्वीराज फौजेत. त्याने देतो म्हणून फोन केला. दिली तर मेडिकल कॅटेगरी घसरली असती आणि बढती तिथेच थांबली असती. बापाने फोनवर त्याला शिवी दिली आणि विषय संपवला. मग मेढ्याहून धाकटी बहीण आली.

राहीबाई सपकाळ पन्नाशीच्या. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर त्यांची भाताची खाचरं आहेत, थोडी नाचणी आहे. घरात नवरा कोंडिबा आणि सून. भावाच्या खाटेशेजारी बसून त्या म्हणाल्या, “माझी घ्या. दोन हायत्या, एक पुरंल म्हन्त्यात.”

कोंडिबा चिडले. “भाऊबीजंला भाऊ ओवाळणी टाकतो. हितं भैन टाकतीया, ती बी आतड्याची,” असं ते चारचौघांत म्हणायचे. डोक्यावर भारा घेऊन चढण चढणारी बाई सहा महिने वजन उचलणार नाही, मग खाचरं कोण लावणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो खोटा नव्हता. कायद्याने नवऱ्याला विचारलं जातं. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर दोघांची वेगवेगळी चौकशी होते. कोंडिबांचं मन वळवण्यात वर्षाचा बराच भाग गेला. त्या काळात राहीबाई एकाच घरात नवऱ्याशी न बोलता राहिल्या.

किडनी बसवणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांनी राहीबाईंना मिश्री सोडायला सांगितलं. लग्नाआधीपासूनची सवय. त्यांनी सोडली. हिरड्या सुजल्या, डोकं फुटायची वेळ आली, सुनेने चहात साखर वाढवून दिली. वजन उतरवायला सांगितलं तेव्हा डोंगरातली बाई चालायचं म्हणून चालू लागली, आणि शेजारणींनी दारात येऊन तमाशा बघितला. तपासण्यांसाठी मेढा ते पुणे अशा किती खेपा झाल्या हे त्यांनी मोजलं नाही. गाडी लागते म्हणून त्या आदल्या रात्रीपासून उपाशी राहत.

याच काळात, २०२३च्या श्रावणात, डायलिसिस केंद्रात डॉ. अपूर्वा देशपांडे नोकरीला आल्या. पंचविशीच्या, सांगलीत शिकलेल्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्या रुग्णांचे आकडे तपासायला पाठवले. शेवाळे यांचा आकडा दहाच्या खूप खाली आला.

डॉक्टर खुर्चीपाशी आल्या तेव्हा शेवाळे यांच्या डाव्या हातात दोन्ही सुया होत्या आणि रक्त नळीतून यंत्राकडे जात होतं. शेजारच्या खुर्चीत पलूसकडच्या धोंडुबाई होत्या, सत्तरीला टेकलेल्या. दारात मल्हार किल्ली फिरवत उभा होता. बाकीच्या खुर्च्याही भरलेल्या होत्या.

“शेवाळेकाका, तुम्हाला ‘कावीळ ब’चे डोस पुन्हा घ्यावे लागतील,” डॉक्टर म्हणाल्या. “आज पहिला देऊन टाकू.”

मल्हारने किल्ली थांबवली. “घ्या आता. हवालदार, काढा दंड भाईर. गावाला नगं म्हनलासा, आता तुमीच रांगंत!”

सगळी खोली हसली. यंत्राला बांधलेल्या माणसांना हसायला फार कारणं मिळत नाहीत, म्हणून जरा जास्तच हसली.

शेवाळे हसले नाहीत. “डॉक्टरीणबाई, ते औषद मी गावातनं हाकललंय. आकडा पडला तरी वळख ऱ्हाती. हे माझं न्हाई, सरकारी डॉक्टरचं बोलनं हाय.”

“बरोबर बोलले ते. धडधाकट माणसाबद्दल बोलले.”

“मंग मी काय लुळा हाय?”

“तुम्ही डायलिसिसवर आहात. इथे त्या ओळखीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आकडाच बघावा लागतो. आणि तुमचा आकडा पडलाय की कधी चढलाच नव्हता, हेसुद्धा मला माहीत नाही. काही लोकांना तीन डोस देऊनही लस लागूच पडत नाही. तिसऱ्या डोसनंतर कुणी तपासलं होतं?”

“फौजेत तपासत न्हाईत. फौजेत देत्यात.”

पुन्हा हशा झाला. या वेळी तो हवालदारांच्या बाजूने होता, आणि ते त्यांना कळलं.

“ऑपरेशन करायचंय ना तुम्हाला?” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “नवीन किडनी बसली की शरीराने ती नाकारू नये म्हणून औषधं देतात. त्यांनी प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. आत्ता घेतलेलं बरं.”

“बगू.”

“बघू नका, घ्या.”

“न्हाई म्हनलं नव्हं?”

धोंडुबाई मधेच म्हणाल्या, “मला टोच गं बाय. मला काय कुनी फेटा बांदला न्हाई.”

धोंडुबाईंना त्या दिवशी पहिला दुप्पट डोस मिळाला आणि पुढच्या सहा महिन्यांत बाकीचे तीन. डॉ. अपूर्वांनी शेवाळे यांना आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा खोली भरलेली होती, दोन्ही वेळा नकार आला. एकांतात विचारलं असतं तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. डायलिसिसच्या खोलीत एकांत नसतो. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्या पुढच्या शिक्षणासाठी निघून गेल्या. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे आणि ज्याची तब्येत बिघडली असेल त्याच्याचकडे बघायचे. पुण्यातल्या रुग्णालयाने लशीबद्दल विचारलं तेव्हा शेवाळे यांनी ‘झालेत’ असं सांगितलं आणि तिथेही तेवढ्यावर भागलं.

एप्रिल हा इकडे यात्रांचा महिना. मुंबई-पुण्याला गेलेली माणसं आपापल्या गावच्या यात्रेला येतात, पालखी होते, मटण होतं, आणि दोन-चार दिवसांनी गाड्या परततात. २०२४च्या एप्रिलमध्ये यात्रेला आलेल्या एका पाहुण्याला डायलिसिस चुकवता येत नव्हतं, म्हणून त्याने केंद्रात दोन वेळा जागा मागितली. त्याच्याकडचा काविळीचा अहवाल जुना होता. यात्रेचे दिवस, ओळखीचा माणूस. जागा दिली गेली. दोन्ही वेळा त्याच्यानंतर त्याच यंत्रावर शेवाळे बसले. पुढे जे झालं ते या पाहुण्यामुळे झालं की आणखी कशामुळे, हे कोणी सिद्ध केलं नाही. केंद्राने सांगितलं की सिद्ध करता येणार नाही. तो पाहुणा नंतर फोन उचलेनासा झाला.

ऑगस्टच्या अखेरीस पुण्यात ऑपरेशन ठरलं होतं. समितीची परवानगी हातात होती. कोंडिबांनी अखेर सही केली होती आणि खाचरांच्या लावणीला मजूर लावले होते. पृथ्वीराजची रजा मंजूर झाली होती. ऑपरेशनआधीच्या शेवटच्या तपासणीत शेवाळे यांच्या रक्तात कावीळ ब सापडली.

पुण्याचे डॉक्टर ‘रद्द’ म्हणाले नाहीत, ‘पुढे’ म्हणाले. विषाणू रक्तात फिरत असताना किडनी बसवली आणि वरून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर लिव्हर जाईल. आधी गोळ्या घ्यायच्या, विषाणू दिसेनासा झाला की पुन्हा बघायचं. सहा महिने, कदाचित वर्ष. डायलिसिसच्या रुग्णात हा विषाणू बऱ्याचदा कायमचा मुक्काम करतो, त्यामुळे गोळ्या सुटतील असं धरू नका.

राहीबाई तिथेच भावाला म्हणाल्या, “म्होरं तर म्होरं. मी कुटं पळून चाललीया?”

पॉझिटिव्ह रुग्णाला वेगळं यंत्र लागतं. तालुक्याच्या केंद्रात ते नव्हतं. शेवाळे यांना सांगलीला जावं लागणार होतं. मल्हारच्या जीपमधले रुग्णही सांगलीचा फाटा ओलांडूनच पुढे जात असत, तिथपर्यंत त्यांना जीप चालली असती, पण एके सकाळी मल्हार दारात येऊन उभा राहिला.

“हवालदार, मी काय म्हनत न्हाई. पर बाकीची मानसं...”

“शेजारी बसून हुत न्हाई ह्यो रोग.”

“मला ठावं हाय की. त्येस्नी बी सांगितलं डॉक्टरनं. व्हय म्हनाली समदी. अन् म्हनली, पर नगं.”

शेवाळे एसटीने जाऊ लागले.

घरच्यांनाही लस घ्यायची होती. आरोग्य केंद्रात डॉ. गोडबोले यांनी आक्काताईंना पहिला डोस दिला. तीन डोस झाले की तुमचं काम संपलं, असं ते त्यांना म्हणाले.

“मंग ह्येंचं कसं संपलं न्हाई?” आक्काताईंनी विचारलं.

डॉक्टरांनी शेवाळे यांच्याकडे बघितलं. “तुम्ही निरोगी आहात वहिनी. हवालदार, डायलिसिसवाल्यांचं वेगळं असतं, हे मी तेव्हाच देवळापुढे सांगितलं होतं.”

“मी ऐकलं न्हाई.”

“तुम्हाला फेटा बांधत होते,” डॉक्टर म्हणाले आणि पुढचा रुग्ण बोलावला.

नकाराची गोष्ट मात्र शेवाळे यांनी घरात कोणालाच सांगितली नव्हती. आक्काताई, पृथ्वीराज, राहीबाई, सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की केंद्रात काही तरी हयगय झाली आणि हवालदारांना रोग लागला. पृथ्वीराज रजा संपवून परतण्याआधी केंद्रात जाऊन भांडूनही आला होता. ते भांडण खोटं नव्हतं. फक्त त्याला अर्धंच माहीत होतं.

नवरात्राच्या सुमारास राहीबाई भावाला बघायला आल्या. सांगलीला द्यायची काही कागदपत्रं जुन्या केंद्रातून आणायची होती, म्हणून आक्काताईंबरोबर त्या तिथे गेल्या. आक्काताई आत थांबल्या. बाहेरच्या बाकावर धोंडुबाई जीपची वाट बघत होत्या.

“तू भैन व्हय हवालदाराची? किडनी देनारी?”

“व्हय.”

“लय वंगाळ झालं बग. मला चारदा टोचलं, माजं रगात बरं हाय म्हन्त्यात. ती बारकी डॉक्टरीण लय मागं लागली हुती गं त्येंच्या.”

“कशापायी?”

“सुईपायी. त्योच आजार हुईल, घ्या म्हनली. तीनदा आली. ह्ये न्हाईच म्हनलं. समदी हसली नव्हं त्येस्नी! बूस्टर म्हन्त्यात ना गावात.” धोंडुबाईंनी पदराने तोंड पुसलं. “बापय मानूस. हसलं की बिगाडतंय.”

राहीबाई वाटेत वहिनीशी बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्या सरळ भावाच्या खाटेपाशी गेल्या. दुपारची वेळ होती. शेवाळे पाण्याचा दिवसभराचा तांब्या समोर ठेवून पडले होते. डायलिसिसच्या रुग्णाला पाणीही मापाने प्यावं लागतं.

“आण्णा, डॉक्टरीणबाईनं सुई घ्याया सांगितली हुती?”

शेवाळे उठून बसले. “कुनी सांगितलं तुला?”

“हुती का न्हाई?”

“हुती.”

“कवा?”

“गेल्या सालच्या श्रावणात.”

“गेल्या सालच्या श्रावणात मी मिसरी सोडली. घरात दात-ओठ खात फिरत हुते. ह्यांनी माझ्याशी बोलनं टाकलं हुतं. तू का न्हाई घेतलीस?”

“नेम तसा हुता. तीन डोस झालं की...”

“कुनाचा नेम? ती डॉक्टरीण म्हनली की तुला लागू न्हाई.”

“शिबिरवाल्यांगत वाटलं मला.”

“तीनदा वाटलं?”

शेवाळे यांनी समोरचा तांब्या बाजूला सरकवला. आक्काताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. शेवाळे म्हणाले, “समदी बसली हुती गं तिथं. गाव हसलं असतं.”

राहीबाईंचा आवाज चढला नाही. “मी पोट फाडून घ्याया निघाले, तुला दंडात सुई टोचवंना. गाव हसंल म्हनून. मंग किडनी बी गावाकडनंच घे.”

पिशवी भरायला त्यांना फार वेळ लागला नाही. आक्काताईंनी जेवून जा म्हणून हात धरला. त्यांनी हात सोडवून घेतला आणि सातारची गाडी पकडली.

सगळ्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. शेवाळे यांनाही तसंच वाटलं. त्यांनी त्यानंतर एक गोष्ट नेमाने केली: गोळ्या घेतल्या. एकही चुकवली नाही. आठवड्यातून तीनदा सांगली, कोपऱ्यातलं वेगळं यंत्र, वेगळा तंत्रज्ञ, परत. हिवाळा गेला. पुन्हा एप्रिल आला, गावची यात्रा झाली, ते घराबाहेर पडले नाहीत. जूनमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की विषाणू रक्तात दिसत नाही, लिव्हरही ठीक आहे. गोळ्या चालू ठेवून ऑपरेशन करता येईल. दात्याला नव्याने तपासण्यांसाठी आणा.

आक्काताईंनी मेढ्याला फोन लावला. तो कोंडिबांनी उचलला.

“वैनी, मी काय सांगू? मी सोता म्हनलो तिला, दे म्हनून. वरीसभर गोळ्या खाल्ल्या मानसानं. पयल्यांदा मीच आडवा आलो हुतो, आता मीच म्हनतोय. ऐकंना. तुमीच बोला.”

राहीबाई फोनवर आल्या. वहिनीला त्यांनी पावसाचं विचारलं, पृथ्वीराजचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, “आण्णाला द्या.”

शेवाळे यांनी फोन कानाला लावला.

“जेवलास?”

“व्हय.”

“बरं वाटतंय?”

“डॉक्टर म्हनतोय, आता करता येतंय.”

“सांगितलं ह्यांनी.” पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. “आण्णा, मी येनार न्हाई.”

“आजून राग हाय व्हय?”

“राग कवाच गेला. राग असता तर बरं हुतं, उतरला की आले असते. आता कापून घ्यायला मनच हुईना. तवा हुत हुतं. तवा डोळं झाकून गेले असते.” मग त्या म्हणाल्या, “तुज्याशी खोटं बोलून परत पुन्याला फेऱ्या मारनं मला जमायचं न्हाई. वैनीला संबाळ.”

“बरं,” शेवाळे म्हणाले.

आक्काताई समोरच उभ्या होत्या. त्यांना पलीकडचं ऐकू आलं नव्हतं. “काय म्हनल्या?”

“तिला बीपी निगालंय. डॉक्टर नगं म्हनला तिला.”

“कोंडिबाभावजी तर काय बोललं न्हाईत तसं.”

“त्येला काय कळतंय?”

शेवाळे यांचं नाव आता मृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षा यादीत आहे. वय अठ्ठावन्न, कावीळ ब, चालू गोळ्या. यादी लांब आहे आणि पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना कोणतीही आशा लावलेली नाही. गावात कोणी विचारलं तर ते सांगतात, बहिणीला रक्तदाब निघाला, डॉक्टरांनीच मनाई केली, नाही तर ती एका पायावर तयार होती. पारावरची माणसं मान हलवतात. भाऊ-बहीण असावी तर अशी, म्हणतात. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी ते सकाळच्या एसटीने सांगलीला जातात.